‘भट्टीची उष्णता १४५० अंश’ हा प्रयोग योग्य आहे का?

गोव्यातील आमोणे येथील कच्च्या लोखंडाच्या कारखान्याविषयी मराठीत लिहिताना ‘भट्टीची उष्णता १४५० अंश’ असे लिहावे की ‘भट्टीचे तापमान’, असे डिचोलीच्या एका वाचकांनी विचारले आहे. अंशांत सांगतात ते तापमान. उष्णता ही ऊर्जा असून ती ज्यूल किंवा कॅलरीत मोजतात. त्यामुळे ‘तापमान’ हाच शब्द योग्य होय.

मला अधिक खटकते ती ‘भट्टीचे’ ही षष्ठी. गोव्यात नुसते ‘भट्टी’ म्हटले की आधी काजूची भट्टी आठवते, म्हणून प्रथम उल्लेखात ‘झोतभट्टी’ (ब्लास्ट फर्नेस) लिहिणे बरे. पण त्याहून महत्त्वाचे हे की झोतभट्टीला एकच एक तापमान नसते. तापलेल्या हवेचा झोत जिथून आत शिरतो, त्या नळांच्या तोंडाशी ते २००० अंश सेल्सिअसच्याही वर असते, बाहेर सोडलेला लोखंडाचा रस साधारण १४०० ते १५०० अंशांवर असतो, आणि माथ्यावरून निघणारा वायू बहुधा १०० ते २५० अंशांवर आलेला असतो. शिवाय उच्चतापसह विटांच्या अस्तरातही जागोजागी तापमान मोजणारी तपयुग्मे (थर्मोकपल) बसवलेली असतात. अशा स्थितीत ‘भट्टीचे तापमान वाढले’ या वाक्याचा अर्थ रस अधिक तापला असा होईल, किंवा अस्तर झिजल्यामुळे आतली आच तपयुग्माच्या अधिक जवळ आली असाही होईल. या दुसऱ्या अर्थाकडे दुर्लक्ष झाल्यास भट्टीचे कवच धोक्यात येते. तेव्हा रसाचे, वायूचे की अस्तराचे, हे लिहिलेच पाहिजे.

क्रियापदही तितक्याच काळजीने निवडावे. प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम यांच्या तारांचे तपयुग्म कागदी नळीच्या टोकाला बसवून वाहत्या रसात बुडवतात. काही सेकंदांत आकडा मिळतो आणि ते टोक पुन्हा वापरता येत नाही. येथे ‘मोजले’ हेच क्रियापद शोभते. दुरून प्रारणावर, म्हणजे तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या किरणांवर, चालणाऱ्या उपकरणाचा आकडा पृष्ठभागावरील मळीमुळे किंवा मधल्या धुरामुळे बदलतो, म्हणून तेथे ‘उपकरणाने दाखवले’ असे लिहावे. आणि रसातील सिलिकॉनचे प्रमाण वाढल्यावरून भट्टीचा तळभाग अधिक तापल्याचे ताडले जाते, तेव्हा ‘अनुमान केले’ असेच म्हणावे, कारण तेथे तापमान कोणी मोजलेलेच नसते.