पाणपक्ष्यांच्या संख्येतील चढउतारांचा अभ्यास हौशी माणसाला करता येईल का?

कोपरखैरण्याला राहून, विज्ञानाची पदवी नसताना, केवळ दर रविवारी मोजणी करून पक्षी वाढत आहेत की घटत आहेत हे ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र वार पाहून नव्हे, भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून मोजणी केली तरच.

काही वर्षांपूर्वी नेरूळच्या एका तलावावर भर दुपारी रोहित पक्ष्यांची दाटी पाहून आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ठाणे खाडीतील त्यांची संख्या आठवड्याभरात कितीतरी पटींनी वाढल्याचे तिथेच जाहीर केले. आदल्या आठवड्यात भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती होती आणि त्या दिवशी पौर्णिमेचे उधाण होते. खाडीतले चिखलपट्टे पाण्याखाली गेले, की तिथे चरणारे रोहित, शेकाटे आणि तुतवार अशा उथळ तलावांवर विसाव्याला येतात आणि ओहोटी लागली की परततात. संध्याकाळी मी पुन्हा तिथे गेलो, तेव्हा तलावावर मोजके शेकाटे उरले होते. ती नोंद मी दिली, पण ‘गोंधळ वाढवणारी’ म्हणून ती अहवालातून वगळण्यात आली. हे मला आजही मान्य नाही, कारण ‘पक्षी वाढले’ एवढेच वाचणाऱ्याला तो तलाव बुजवल्यास भरतीच्या वेळी त्यांना थारा उरणार नाही, हे कधीच कळत नाही.

शिवाय नुसती मोजणी म्हणजे संख्येतील बदलांचा अभ्यास नव्हे. जन्म, मृत्यू, आगमन आणि निर्गमन या चारही गोष्टींनी संख्या बदलते. आपल्याकडचे रोहित प्रामुख्याने कच्छच्या रणात वीण करतात आणि मादी एका विणीत साधारणपणे एकच अंडे घालते. त्यामुळे खाडीत दिसलेली वाढ ही निव्वळ स्थलांतराची असू शकते. म्हणून थव्यातील करड्या, अजून गुलाबी न झालेल्या पिल्लांचे प्रमाण वेगळे नोंदवावे. पायात कडी दिसल्यास दुर्बिणीतून तिचा रंग आणि अक्षरे टिपावीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालत आली आहे आणि कडी घातलेला पक्षी पुन्हा दिसल्याच्या नोंदींवरून जगण्याचे प्रमाण काढता येते. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतही सहभागी व्हावे.

तलाव विसाव्यासाठी किती वापरला जातो हे पाहायचे असेल, तर अर्थातच भरतीचीच वेळ योग्य आहे. आकडा कोणताही असो, त्याच्या शेजारी भरतीची वेळ आणि पाण्याची उंची लिहावी आणि कोणी ती खोडायला सांगितले, तरी खोडू नये.