एचसीजी चाचणीत (वृषणांना पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं एचसीजी टोचून करतात ती) टेस्टोस्टेरॉन फक्त १५ आलं, म्हणजे ३ वर्षांच्या मुलाला वृषणं नाहीतच का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. आधी एकक बघा. नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर १५ म्हणजे प्रतिसाद जवळपास शून्य (साधारण १००च्या वर हवं). नॅनोमोल प्रति लिटर असेल तर तेच ४३० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर होतं, म्हणजे झकास! मग एचसीजीचा डोस बघा: बहुधा रोज १५०० युनिट, ३ दिवस, नमुना चौथ्या दिवशी. पोटात अडकलेली वृषणं कधीकधी एवढ्यात जागी होत नाहीत. म्हणून काही ठिकाणी आठवड्यातून दोनदा, ३ आठवडे इंजेक्शनं देऊन पुन्हा मोजतात. एएमएच (वृषणातल्या पेशी बनवतात ते एक हार्मोन) इंजेक्शनाशिवाय कळतं. ते नीट मोजता आलं तर वृषणाची ऊती आहेच. एफएसएच (वृषणांना चालना देणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) नॉर्मल दिसलं म्हणून मात्र निर्धास्त राहू नका, या वयात ते फसवतं. दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) झालेलं नसेल, तर ते सगळ्यात आधी.