सात महिन्यांचे बाळ आणि रात्रीचे वाचन

प्रश्न: मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. मुलगा सात महिन्यांचा आहे. उष्टावण झाल्यापासून त्याला काय, किती आणि कसे भरवावे हे मोबाइलवर वाचता वाचता रात्रीचा एक वाजतो. मातांच्या पाच ग्रुपवर पाच मते असतात. आहाराचा तक्ता मी सारखा खोडून नव्याने करते. त्याने वाटीतले निम्मे टाकले की माझेच काही चुकले असे वाटते. सासूबाई म्हणतात, "आमची मुले काय वाचून वाढली?" त्याचाही राग येतो. काय करू?

उत्तर: प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात मला हयगय कुठेच दिसली नाही. दिसली ती दमलेली आई, जिला एकही निर्णय चुकू द्यायचा नाही. वाचल्याने शंका फिटेल असे तुम्हांला वाटते, परंतु या विषयावरचा मजकूर संपणारा नाही, आणि एका शंकेचे उत्तर शोधताना दोन नव्या पदरात पडतात.

आधी त्या निम्म्या उरलेल्या वाटीविषयी. नवी चव अंगवळणी पडण्यासाठी तोच पदार्थ बाळासमोर पुष्कळदा आठ-दहा वेळा यावा लागतो. तोंड फिरवणे किंवा थुंकून टाकणे हा त्या ओळखीचाच भाग असतो. सोमवारी नाचणीचे सत्त्व नाकारले म्हणून मंगळवारी रात्री वाचलेली दुसरी कृती आणि बुधवारी तिसरी केली, तर त्याची कशाशीच ओळख होत नाही. ज्या वाचनाने तुम्ही त्याचे खाणे सुधारू पाहता, तेच आड येते आहे.

काही गोष्टी मात्र पक्क्या आहेत. या वयात स्तनपान चालू ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा मऊ, घट्टसर अन्न द्यावे; चमचा तिरका केला तरी ते लगेच ओघळू नये. मीठ-साखर घालू नये, वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये आणि अख्खे दाणे देऊ नयेत. नाचणी आधी की मुगाची खिचडी, याने फारसे काही अडत नाही. बाळाचे पोषण होते आहे की नाही, हे एका वाटीवरून कळत नाही. ममता कार्डावरील, म्हणजे आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरील, वजनाची रेघ महिनोन्‌महिने वर जाते आहे ना, ते पाहा.

इंग्रज बालरोगतज्ज्ञ डोनल्ड विनिकॉट यांनी 1953 साली 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. आई सुरुवातीला बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, पुढे हळूहळू थोडी कमी पडू लागते, आणि बाळाला सोसेल एवढ्या त्या उणिवेतूनच ते जगाशी जुळवून घ्यायला शिकते, असे त्यांचे म्हणणे होते. परिपूर्ण होण्याचा हट्ट सोडलात म्हणून बाळाचे काही बिघडणार नाही, हे मी तुम्हांला मनापासून सांगते.

पाचही ग्रुपमधून बाहेर पडा. शंका वहीत लिहा आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना एकदम विचारा. यातल्या बऱ्याचशा तोवर आपोआप सुटलेल्या असतील. ताप, सुस्ती, दूधही न घेणे किंवा लघवी कमी होणे, अशा वेळी मात्र न थांबता त्याच दिवशी दाखवा. रात्री फोन बैठकीत ठेवा.

सासूबाईंचे बोलणे टोचले असेल, तरी त्यांचा हात अनुभवी आहे. दुपारची वाटी त्यांच्याकडे सोपवा. मध वगैरेंचे पथ्य डॉक्टरांचे म्हणून एकदा स्पष्ट सांगा आणि मग त्या भरवत असताना तिथे उभ्या राहू नका. संध्याकाळी यजमानांनी बाळाला सुरसागरच्या काठावर फिरवून आणावे आणि तेवढ्या वेळात तुम्ही निजावे.

फोन दूर ठेवूनही, बाळ झोपलेले असताना तुम्हांला झोप येत नसेल, किंवा रडू आणि धास्ती दोन आठवडे टिकली असेल, तर हा प्रश्न आहाराचा राहत नाही. बाळंतपणानंतर असे अनेकींना होते आणि त्यावर उपचार आहेत. यजमानांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.