पाळणाघर सुरू करतेयस ना, मग आधी ते पोस्टर काढ

अगं,

तुझे फोटो बघितले. खोली छान झालीय, उजेड भरपूर आहे, फक्त भिंतीवर ते मोठं पोस्टर लावलंयस ना, देशोदेशीची मुलं हात धरून उभी आणि प्रत्येकाच्या अंगावर आपापला पारंपरिक पोशाख, तर ते काढ. रागावू नकोस, माझ्याकडेही अस्संच होतं, चांगली दोन वर्षं होतं, मग एक दिवस एका चार वर्षांच्या पोरीने विचारलं की ही मुलं झोपताना पण हेच कपडे घालतात का, आणि मला हसू आलं खरं पण नंतर विचार करत बसले. तिला त्या पोस्टरवरून एवढंच कळलं होतं की आपण साधी माणसं आणि बाकीचे सगळे कायम नटूनथटून फोटोला उभे. लहान मुलांच्या मनात भेदभाव रुजू नये म्हणून काम करणारे लोक याला पर्यटकी पद्धत म्हणतात, म्हणजे वर्षातून एकदा कुणाचा तरी सण, दोन गाणी, आणि दुसऱ्या दिवसापासून ती माणसं गायब.

त्यापेक्षा तुझ्याकडे जी मुलं येणारेत त्यांच्या घरचे साधे फोटो मागव. भांडी घासणारा बाबा, कामावरून दमून आलेली आई, आजोबांच्या मांडीवर झोपलेलं बाळ, असलं काहीही. आणि लाव मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आपल्या नाही! एकदा खोलीच्या मधोमध फरशीवर बसून बघ, किती गोष्टी दिसतच नाहीत तिथून ते कळेल. बसलीच आहेस तर पुस्तकं पण चाळ, डॉक्टर दरवेळी पुरुषच आहे का, व्हीलचेअरवरचं मूल दरवेळी बिच्चारंच आहे का, कधी नुसतं मस्ती करताना पण दिसतं का.

पालक म्हणतील, एवढीशी पोरं, त्यांना काय कळतंय. कळतं गं. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने 1940 च्या आसपास अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या, सगळ्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा, आणि विचारलं यातली छान कुठली, वाईट कुठली. बऱ्याच मुलांनी छान म्हणून गोरी उचलली आणि वाईट म्हणून काळी, आणि मग तुझ्यासारखी कुठली विचारल्यावर काही जण रडलेसुद्धा. हे त्यांना घरी कुणी बसवून शिकवलं नव्हतं. तसंच 2017 साली छापून आलेलं एक संशोधन आहे, पाच वर्षांच्या मुली 'खूप खूप हुशार माणूस' म्हटलं की बाई दाखवतात, जसे मुलगे पुरुष दाखवतात, पण सहा-सात वर्षांपर्यंत मुलींचं ते कमी होतं. म्हणजे मधल्या वर्षात काय होतं बघ, आणि ती वर्षं मुलं आपल्याकडेच असतात.

रंगावरून आठवलं, खडूंच्या पेटीतल्या त्या फिकट खडूला 'स्किन कलर' म्हणायची सवय असेल तर मोड. क्रेयोला या अमेरिकन खडू कंपनीने त्या खडूचं 'अंगाचा रंग' अशा अर्थाचं नाव 1962 मध्येच बदललं, आपल्या तोंडातून अजून जात नाही. मुलांना आरसा दे, तीन-चार तपकिरी छटा दे, आपल्या हाताचा रंग त्यांचा त्यांना कालवू दे, तासभर रमतात.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय. सामान काय, जमेल तसं जमव, पण मूल मोठ्याने काहीतरी विचारेल तेव्हा तू काय करतेस तिथे सगळं आहे. माझ्याकडे एका मुलाला न्यायला त्याचे आजोबा आले होते, एक पाय नव्हता, आणि दुसऱ्या एकाने सगळ्यांसमोर विचारलं की यांचा पाय कुठे गेला. मी पटकन 'श्श' केलं आणि त्याला आत नेलं. मला वाटलं मी आजोबांना वाचवलं. प्रत्यक्षात काय झालं, तर खोलीतली सगळी मुलं शिकली की हे काहीतरी लाजिरवाणं आहे, आणि आजोबांचा नातू तर हे माझ्या डोळ्यांसमोर शिकला, तो दोन दिवस त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुढच्या वेळी आजोबांनीच मुलांना बोलावून कुबडी हातात घेऊ दिली. तेव्हापासून मी साधं उत्तर देते, सगळ्यांची शरीरं सारखी नसतात, त्यांना चालायला कुबडी लागते, बाकी त्यांनाच विचार, त्यांना आवडलं तर सांगतील. संपलं. भाषण नको, मुलं दुसऱ्या वाक्याला पळतात.

मोठं मूल छोट्याला म्हणेल, तू मुलगा आहेस, बाहुली सोड. (म्हणणारच, घरात सगळ्या वयांची एकत्र असली की हे ऐकायला मिळतंच.) तिथे मात्र 'असं नाही बोलायचं' म्हणून सोडू नकोस. लुईस डर्मन-स्पार्क्स या अमेरिकन बालशिक्षणतज्ज्ञ बाईने 1989 मध्ये भेदभाव रुजू न देण्याच्या या कामाची चार उद्दिष्टं मांडली, स्वतःबद्दल अभिमान, वेगळ्यांबरोबर सहज वावर, अन्याय ओळखणं आणि त्याच्याविरुद्ध उभं राहणं. आपण बहुतेक जणी पहिल्या दोनवर थांबतो कारण ती गोड आहेत. बाहुलीच्या वेळी पुढच्या दोन लागतात, म्हणून सरळ म्हण, खेळणी सगळ्यांची आहेत, आणि ज्याची बाहुली ओढली त्याला 'मला हवीय' म्हणायला शिकव, तुझ्यादेखत.

तू विचारलंयस की घरातल्या आपल्या श्रद्धेच्या वस्तू झाकून ठेवू का. नको गं, ते तुझं घर आहे, आणि सगळं पुसून ठेवलेलं घर मुलांना काय शिकवणार. फक्त 'असंच असतं' ऐवजी 'आमच्याकडे असं असतं, तुमच्याकडे कसं?' म्हण, आणि कुठल्याही मुलाला त्यात ओढू नकोस.

वेगळी भाषा बोलणारं मूल आलं तर आईबाबांकडून दहा शब्द लिहून घे, पाणी, शू, झोप, दुखतंय, आई येईल, असले, आणि कसे उच्चारायचे ते फोनवर रेकॉर्ड करून घे. नाव पण त्यांच्या तोंडून ऐक आणि तसंच म्हण, अवघड वाटलं म्हणून लाडाचं छोटं नाव तू ठेवू नकोस. मी ठेवलं होतं एकाचं, वर्षाने कळलं की त्याला ते अजिबात आवडत नव्हतं.

आणि हो, तुझा फॉर्म बघितला. 'आईचं नाव', 'वडिलांचं नाव' हे दोन रकाने काढून 'घरी कोण कोण असतं आणि मूल त्यांना काय म्हणतं' एवढं टाक, आणि खाली मोठी जागा सोड, काही घरांत बरीच माणसं असतात. सोमवारच्या आत प्रिंट काढ म्हणजे झालं.

तुझी,
ताई