माणसाच्या आणि कुत्र्याच्या अंगावरची गोचीड कशी काढावी? रॉकेल लावलं तर चालतं का?

काजूच्या बागेतून आल्यावर तुमच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली, कुत्र्याचे कान तर भरलेत, आणि घरची मंडळी रॉकेल लावायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. रॉकेल नको. तेल, चुना, पेटती काडीही नको. अशा उपायांनी गोचीड लगेच सुटत नाही, उलट तिच्या पोटातलं जखमेत उतरायची भीती असते. कुत्र्याची कातडी रॉकेलने भाजते, आणि ते चाटलं तर पोटात जातं.

बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा असतो तसा. गोचिडीचं फुगलेलं पोट दाबू नका. कातडीला अगदी टेकून तिला तोंडाशी धरा आणि सावकाश, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. पिरगळू नका, हिसका देऊ नका. सोंडेचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. मग जागा साबणाने धुऊन स्पिरिट लावा. काढलेली गोचीड नखावर चिरडायची आपल्याकडे फार सवय, ती मात्र सोडाच. स्पिरिटच्या बाटलीत टाका.

कुत्र्याच्या कानांबरोबर बोटांच्या बेचक्या, काखा, गळपट्ट्याखालची जागा आणि शेपटीचं मूळही बघा. पण नुसतं वेचून भागत नाही, कारण कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीचं अर्धं बिऱ्हाड घरात असतं. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. आपल्या चिऱ्याच्या भिंतींचे सांधे तिला आयतेच मिळतात. म्हणून सांधे बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि पशुवैद्याकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे गोळी घ्या. अफॉक्सोलानर महिन्याला देतात, फ्लुरालानर साधारण तीन महिने पुरते. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं औषध तिच्या जवळपासही नको, ते तिच्या जिवावर बेततं. कुत्र्याने खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा गोचीडताप असू शकतो, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक कुत्री बरी होतात.

आता तुमच्याबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतोय. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली माणसं 2015 पासून हे विसरू शकत नाही. त्या वर्षी पाली गावात माकडताप आला. या तापाचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला होता. तो पसरवते ती रानातली गोचीड, त्यातही तिची खसखशीएवढी पिल्लं. ती डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, आणि त्यांचा जोर उन्हाळ्यापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत असतो. नेमके तेच दिवस काजूचे बोंडू वेचायचे! त्यामुळे बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला डीट (किडे पळवणारं औषध) असलेलं मलम लावा. पातेऱ्यावर, म्हणजे पडलेल्या वाळक्या पानांवर, बसू नका, आणि तो गुरांखाली घालायला घरी आणू नका. परतल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, आणि काखा, जांघा, कानांमागची जागा कुणाकडून तरी तपासून घ्या.

चावलेली प्रत्येक गोचीड रोग देत नाही, त्यामुळे आत्ता घाबरू नका. पण चावल्याची तारीख लिहून ठेवा. माकडताप साधारण 3 ते 8 दिवसांत दिसतो: एकाएकी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंग मोडून येणं. तसं झालं तर घरी ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. सरळ आरोग्य केंद्रात जा आणि न विचारता सांगा, "मी काजूच्या बागेत होतो, गोचीड चावली होती." आपल्याकडे डेंग्यू, मलेरियाही असतात, त्यामुळे या एका वाक्याने डॉक्टर योग्य चाचणीकडे लवकर वळतात. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, कुत्र्यालाही तिकडे जाऊ देऊ नका, आणि आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला लगेच कळवा.