स्क्रीनवरचा फॉर्म वेगळा, मेथड चालते वेगळ्याच फॉर्मवर

प्रश्न : सर, सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्स वापरून अ‍ॅप्लिकेशन करतोय. मेनफॉर्मवर ग्राहकांची ग्रिड (रांगा-रकान्यांचा तक्ता) आहे, नवीन ग्राहक टाकायला वेगळा एन्ट्रीफॉर्म आहे. सेव्ह केलं की मेनफॉर्मची ग्रिड रिफ्रेश व्हावी म्हणून सेव्हच्या बटणात न्यू मेनफॉर्म करून त्याची लोडग्रिड मेथड कॉल केलीय. मेथड पब्लिक आहे, एरर काहीच नाही, पण ग्रिड ढिम्म हलत नाही. अ‍ॅप्लिकेशन बंद करून परत उघडलं की ग्राहक दिसतो. मेथड स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय थेट क्लासवर चालणारी) करून बघितली तर एररच एरर. काय चुकतंय?

उत्तर : सगळा घोळ त्या ‘न्यू’मध्ये आहे. मेनफॉर्म हा क्लास, म्हणजे फॉर्मचा साचा आहे, न्यू केलं की त्याचा आणखी एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातला दुसराच फॉर्म तयार होतो, त्याची स्वतःची ग्रिड असते, फक्त शो न केल्यामुळे तो दिसत नाही. तुमची मेथड खरंच चालते, डेटाबेसमधून रेकॉर्ड येतात आणि त्या न दिसणाऱ्या ग्रिडला जोडले जातात, म्हणून तर एरर येत नाही. खात्री करायची असेल तर लोडग्रिडमध्ये ब्रेकपॉइंट (कोड तिथे थांबवायची खूण) लावा आणि वॉच विंडोत ‘धिस डॉट व्हिजिबल’ टाकून बघा, फॉल्स येईल (‘धिस’ म्हणजे मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालतेय तो). स्टॅटिकचंही तेच, स्टॅटिक मेथडला कुठल्या ऑब्जेक्टची ग्रिड भरायची ते माहीतच नसतं, त्यामुळे कंपायलर अडवतो आणि ते बरोबरच आहे.

म्हणजे आपल्याला हवाय तो आधीच उघडा असलेला मेनफॉर्म. एन्ट्रीफॉर्म शोडायलॉगने उघडत असाल तर काम एकदम सोपं आहे, कारण शोडायलॉगच्या ओळीवर मेनफॉर्मचा कोड थांबतो आणि एन्ट्रीफॉर्म बंद झाल्यावरच पुढे सरकतो. सेव्ह यशस्वी झालं की एन्ट्रीफॉर्ममध्ये डायलॉगरिझल्ट ओके करा, इकडे शोडायलॉगने ओके परत दिलं का ते बघा आणि पुढच्याच ओळीत लोडग्रिड कॉल करा, मेथड पब्लिक असायचीही गरज नाही. फक्त शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केल्यावर आपोआप डिस्पोज होत नाही, म्हणजे त्याने अडवलेली साधनं मोकळी होत नाहीत, म्हणून तो यूझिंग ब्लॉकमध्ये घ्या, ब्लॉक संपला की डिस्पोज होतो.

एन्ट्रीफॉर्म उघडा ठेवून एकामागून एक ग्राहक टाकायचे असतील तर शो वापरावं लागेल. मग बरेच जण एन्ट्रीफॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) ‘धिस’, म्हणजे मेनफॉर्म पाठवतात आणि तिथे व्हेरिएबलमध्ये ठेवून त्यावर लोडग्रिड कॉल करतात. चालतं, पण मला ते आवडत नाही, कारण उद्या हाच एन्ट्रीफॉर्म बिलाच्या फॉर्मवरून उघडायचा म्हटलं की अडकलात, त्याला मेनफॉर्मच पाहिजे.

त्यापेक्षा इव्हेंट करा, म्हणजे ‘अमुक झालं’ अशी एका फॉर्मने दिलेली हाक, जी दुसरे फॉर्म ऐकू शकतात. एन्ट्रीफॉर्ममध्ये ‘ग्राहक सेव्ह झाला’ अशा अर्थाचा एक पब्लिक इव्हेंट ठेवा आणि सेव्ह झाल्यावर तो रेझ करा, म्हणजे ती हाक द्या, ऐकणारं कोणी नसेल तर तो नल (रिकामा) असतो म्हणून प्रश्नचिन्ह डॉट इन्व्होक वापरा. मेनफॉर्ममध्ये एन्ट्रीफॉर्म न्यू केल्यावर, शो करायच्या आधी, प्लस इक्वल टू ने आपली मेथड जोडा आणि तिच्यात लोडग्रिड कॉल करा. कोण ऐकतंय, ग्रिड आहे की अजून काही, याच्याशी एन्ट्रीफॉर्मला देणंघेणं राहत नाही, बिलाचा फॉर्म त्याच इव्हेंटवर स्वतःचा कॉम्बोबॉक्स भरू शकतो. मेमरीचीही काळजी नको, इथे एन्ट्रीफॉर्म मेनफॉर्मला धरून असतो आणि आधी एन्ट्रीफॉर्मच बंद होतो. उलट असेल, म्हणजे थोडा वेळ उघडणारा फॉर्म कायम उघड्या फॉर्मचा इव्हेंट ऐकत असेल, तर बंद करताना मायनस इक्वल टू करायला विसरू नका, नाहीतर बंद झालेला फॉर्म मेमरीत पडून राहतो.

अ‍ॅप्लिकेशन डॉट ओपनफॉर्म्समधून, म्हणजे उघड्या फॉर्म्सच्या यादीतून, नावाने फॉर्म शोधायचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. एकच मेनफॉर्म उघडा असेपर्यंत ठीक, दोन उघडले की भलताच हाती लागू शकतो आणि फॉर्मचं नाव बदललं तर कंपायलर सांगणारही नाही. व्हीबी डॉट नेटमध्ये २००५ पासून नुसतं फॉर्मचं नाव लिहून मेथड कॉल करता येते, कारण तिथे प्रत्येक फॉर्मचा डिफॉल्ट इन्स्टन्स, म्हणजे आयता ऑब्जेक्ट मिळतो, सी शार्पमध्ये ती सोय नाही, त्यामुळे तिकडचा कोड जसाच्या तसा उचलू नका.

पुढेमागे सेव्हचं काम टास्क डॉट रनमध्ये, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामात) टाकलंत आणि इव्हेंट तिथूनच रेझ केलात तर ग्रिडला हात लावताना क्रॉस-थ्रेडची, म्हणजे भलत्या थ्रेडवरून हात लावल्याची एरर येईल. तेव्हा बटणाचा हँडलर असिंक करा, टास्कला अवेट (ते संपेपर्यंत थांबायची सूचना) लावा आणि अवेटच्या खालच्या ओळीत इव्हेंट रेझ करा, तो कोड परत यूआय थ्रेडवर, म्हणजे फॉर्म सांभाळणाऱ्या थ्रेडवर चालतो.