लेव्हल पाडली, उतरवली की पासंग लावला?

वणी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे : ‘बारावीची परीक्षा संपल्यापासून माझा मुलगा गिल्ड वॉर्स २ नावाचा ऑनलाइन गेम खेळतो. परवा चिडून म्हणाला, “आई, मरमर करून ऐंशी लेवलचा झालो मी, अन् लढाईत कालचा पोट्टा बी ऐंशीचाच! वरून खालच्या इलाक्यात गेलो का माया लेवल पाडते.” ती लेव्हल कोण पाडतं, असं विचारलं तर म्हणे गेमच पाडतो, त्याला लेव्हल स्केलिंग म्हणतात. मराठीत याला काय म्हणावं? मोबाइलवर भाषांतर केलं तर “पातळी मापन” आलं, ते काही पटलं नाही. आणि “पाडते” बरोबर की “उतरवते”?’

ताई, तुमच्या मुलाचं दुःख मला नवं नाही. दिवाळीत पुतण्या पुण्याहून लॅपटॉप घेऊन दारव्ह्याला आला होता. लाइन असेपर्यंत तो खेळायचा आणि लाइन गेली की मला शिकवायचा. मी मराठीचा निवृत्त मास्तर. गेममधलं मला ओ का ठो कळत नव्हतं, आता निदान ‘ओ’पर्यंत आलो आहे. तेव्हा आधी ही भानगड काय आहे ते सांगतो, कारण वस्तू कळल्याशिवाय तिला नाव ठेवू नये. नावं ठेवायला तशी गरज नसते म्हणा.

या जातीच्या खेळांत राक्षस मारत, कामगिऱ्या पार पाडत आपलं पात्र एकेक लेव्हल वर चढतं. चढताना नुसता आकडा वाढत नाही. अंगातली ताकद वाढते, घाव जास्त बसतो, नवे डाव हाती येतात. गिल्ड वॉर्स २ हा गेम २०१२ साली आला, त्यात शेवटची लेव्हल ऐंशीची. राक्षसांशी लढताना हे सगळं ठीक चालतं. पण खेळाडूच खेळाडूशी भिडायला लागला की घोळ होतो. वीसचा आणि ऐंशीचा समोरासमोर आले तर ती लढाई राहत नाही, म्हशीने बेडूक तुडवावा तसा प्रकार होतो. म्हणून या गेमने आखाड्यातल्या लढाईपुरतं सगळ्यांनाच ऐंशीचं केलं, हत्यारं-चिलखतांचे आकडेही सारखे केले. आखाड्याबाहेर पाऊल टाकलं की वीसचा पुन्हा वीस. उलट ऐंशीचा खेळाडू नवख्यांच्या इलाक्यात फिरायला गेला तर गेम त्याला त्या इलाक्याच्या मानाने खाली आणतो, नाहीतर तिथले राक्षस त्याच्या फुंकरीने मरतील. एकाला वर घेणं, दुसऱ्याला खाली आणणं आणि दोन्ही तेवढ्यापुरतंच : स्केलिंग म्हणजे एवढंच.

आता ‘पातळी मापन’. मोबाइलने स्केल म्हणजे मोजणं असं धरलं. त्याचा फार दोष नाही, आपल्या पोरांच्या दप्तरातही स्केल म्हणजे पट्टीच असते. दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर तिथलं स्केलिंग आणखी वेगळं. पण मोजल्याने वीसचा ऐंशी होत नाही. मोजणारा आहे ते सांगतो, हा गेम आहे ते बदलतो. ‘प्रमाणीकरण’ हा दुसरा शब्द काहीजण सुचवतील. नकाशाच्या स्केलला आपण प्रमाण म्हणतो, त्यामुळे वाट चुकलेली नाही. पण प्रमाणीकरण म्हटलं की डोळ्यांपुढे शिक्का आणि सही येते. गेम खेळणारा पोरगा तो शब्द तोंडात धरणार नाही, आणि जो शब्द पोरगा धरत नाही तो कोशात पडून सडतो.

खरी गंमत इंग्रजी शब्दांच्या पोटात आहे. तिथे दिसायला एक असलेले दोन स्केल आहेत. एक आला लॅटिनमधल्या शिडीवरून, त्याच्यापासून पायऱ्या, श्रेण्या, प्रमाण वगैरे निघालं. आपला स्केलिंग याच घरचा. दुसरा आला उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, तिथे त्याचा अर्थ वाटी, म्हणून तराजूचं पारडं. या दोघांचं नातं नाही, नुसतं तोंड सारखं. पण लेव्हल हा शब्द बघा. तो लॅटिनमधल्या ‘लिबेला’वरून आला. लिबेला म्हणजे धाकटी लिब्रा, आणि लिब्रा म्हणजे तराजू. आपली तूळ रास इंग्रजी पंचांगात लिब्रा असते ती हीच. म्हणजे स्केल शिडीवरून आला तरी लेव्हलच्या मुळाशी तराजूच आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी शब्दकोश मिटला आणि गावातल्या किराणा दुकानाकडे बघायला लागलो. उत्तर तिथेच निघालं. पण त्याआधी दोन-तीन शब्द बाद करायचे आहेत.

पहिला ‘पातळी’. सरकारी मराठीत लेव्हलला पातळी म्हणतात आणि धरणाच्या पाण्याला ते शोभतं. पण माणसाची पातळी म्हटली की मराठीत अर्थ लगेच नैतिक होतो. पातळी सोडून बोलला, पातळी घसरली. ‘गेमने माझी पातळी खाली आणली’ असं तुमचा मुलगा म्हणाला असता तर तुम्ही शब्द शोधला नसता, गेम बंद केला असता. तेव्हा लेव्हलला लेव्हलच राहू द्या. गवंडी पाण्याची नळी धरून लेवल काढतो, रस्त्यावर मुरूम टाकून लेवल करतात. शब्द आपल्या मातीत कधीचा मुरला आहे.

दुसरा ‘समीकरण’. अर्थाने हा शब्द अगदी नेमका आहे. समीकरण, सपाटीकरण यांत मधे जो दीर्घ ‘ई’ येतो तो संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा. आधी जे तसं नव्हतं ते तसं करणं, हा त्याचा अर्थ. व्याकरणात त्याला अभूततद्भाव म्हणतात. शेत आधी सपाट नव्हतं, ते केलं : सपाटीकरण. खेळाडू आधी सम नव्हते, ते केले : समीकरण. पण तो शब्द गणिताने कधीचाच पळवला आणि निवडणुका आल्या की उरलासुरला जातीची समीकरणं मांडणारे नेतात. आता तो परत मिळत नाही.

तिसरा ‘बरोबरी’. आमच्याकडे पोट्टे बराबरी म्हणतात. पण खेळात बरोबरी झाली म्हणजे सामना कोणीच जिंकला नाही. इथे तर लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे.

आणखी एक फरक ठेवायला हवा, कारण इथे माझाही आधी गोंधळ झाला. आमच्याकडे रात्रीच्या कबड्डीत वजनगट असतात, पंचावन्न किलो, पासष्ट किलो, खुला. माणसं आहेत तशीच ठेवायची, फक्त सारख्यासारख्यांना एकत्र बसवायचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम २००४ साली आला, त्याच्या रणांगणात पूर्वी हेच होतं : दहा ते एकोणीस एका गटात, वीस ते एकोणतीस पुढच्या. आणि कबड्डीत जे होतं ते तिथेही झालं. आमच्याकडचा सत्तावन किलोचा गडी वजनाच्या दिवशी पाणीसुद्धा न पिता काट्यावर उभा राहून पंचावन्नच्या गटात घुसतो. तिथले काही खेळाडू मुद्दाम एकोणीसवर थांबायचे, त्या लेव्हलला मिळतील ती सगळ्यात भारी हत्यारं जमवायचे आणि दहा-बाराच्या पोरांना झोडपायचे. हा झाला गट. आमदंगलीत पंच दोन पैलवानांचे हात वर करून मैदानात फिरवतात, ती झाली जोड. जोड जुळवताना पंच नजरेने तोलतो, पण पैलवानाच्या अंगाला हात लावत नाही. स्केलिंगमध्ये अंगालाच हात घातला जातो. म्हणून ‘गट’ नाही, ‘जोड’ नाही आणि ‘लेव्हल जुळवणी’ही नाही, कारण जुळवणी जोडीची होते.

कच्चा लिंबूही नाही, हे सांगून टाकतो, कारण पुतण्याने पहिल्यांदा तोच शब्द सुचवला होता. कच्च्या लिंबूला राज्य नसतं, तो बाद होत नाही, सगळे त्याला सांभाळून घेतात. स्केलिंगने वर आलेला नवखा मात्र पुरता बाद होतो आणि त्याला कोणी सांभाळत नाही. त्याला आकडे मिळतात, हातातली सफाई मिळत नाही. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या गेममध्ये सिरोडील हा लढाईचा मोठा प्रदेश आहे. तिथे पन्नास लेव्हलच्या खालच्या खेळाडूचे आकडे वर चढवतात, पण डाव त्याने स्वतः मिळवलेले असतील तेवढेच. मुरलेला गडी त्याला जेवणानंतरच्या सुपारीसारखा चघळतो.

आता किराणा दुकान. दांडीचा जुना तराजू असेल तर शहाणं गिऱ्हाईक आधी रिकामा तराजू उचलायला सांगतं. एक पारडं जरा खाली गेलं, तर दुकानदार दुसऱ्यात चिंचोका किंवा खडा टाकतो किंवा दांडीला काही बांधतो, आणि दांडी आडवी झाली की मग माल तोलतो. त्या खड्याला म्हणतात पासंग. शब्द फारसीतून आला, त्यातला संग म्हणजे दगड, आपल्या संगमरवरातला. हलक्या पारड्यात टाकलेली, मालात न धरलेली, फक्त तोल बरोबर करण्यापुरती भर. ताई, लेव्हल स्केलिंगचं यापेक्षा नेमकं वर्णन मला इंग्रजीतही सापडलं नाही. वीसच्या खेळाडूला गेम जे साठ लेव्हल देतो ते त्याने कमावलेले नाहीत, त्याच्या खात्यात जमा होत नाहीत, लढाई संपली की काढून घेतले जातात. तो पासंग आहे.

‘तो माझ्या पासंगालाही पुरणार नाही’ हा वाक्प्रचार आपण अजूनही ऐकतो. म्हणजे माझ्याशी तुलना राहू दे, माझ्या बाजूच्या खड्याएवढाही तो नाही. तुमच्या मुलाचा राग नेमका हाच आहे. जो त्याच्या पासंगाला पुरत नव्हता, त्यालाच गेमने पासंग दिला.

हा झाला वर नेण्याचा भाग. खाली आणण्यासाठी शब्द बाजार समितीत मिळतो, आणि तो विदर्भातल्या कापूसवाल्याला शिकवावा लागत नाही : कडता. माल ओला आहे, बारदान्याचं वजन आहे, माती आहे, असं म्हणत क्विंटलमागे जे कापतात तो कडता. सरकारी कापूस खरेदीत ओल आठ टक्क्यांच्या वर गेली की त्या मानाने भाव उतरतो, बाराच्या वर गेली की गाडी परत. गेमचंही तसंच : तू ऐंशीचा आहेस खरा, पण या इलाक्यात तुझा कडता कापणार. मात्र कडता या शब्दात शेतकऱ्याची कळ भरलेली आहे. गेम बनवणारा तो शब्द कधीच वापरणार नाही, खेळणारा मात्र नक्की वापरेल. म्हणूनच मला तो आवडतो.

कडता कापायचा एक प्रकार पुतण्याने सांगितला तेव्हा आमचे शेजारी पोट भरून हसले. २००८ साली वॉरहॅमर ऑनलाइन नावाचा गेम आला होता. त्यात वरच्या लेव्हलचा कोणी नवख्यांच्या रणांगणात शिरला तर गेम त्याची लेव्हल वगैरे कमी करत बसायचा नाही, सरळ त्याची कोंबडी करायचा. खरीखुरी, पंखांची. शेजारी म्हणाले, “हे बराबर हाय. पंचावन्नच्या गटात घुसते त्याइले बी असंच करा लागते.”

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. ‘पाडणे’मध्ये मराठीत नुकसान येतं आणि ते करणाऱ्याचा हेतूही येतो. भाव पाडले, घर पाडलं, निवडणुकीत पाडलं. पाडलेलं आपोआप परत उभं राहत नाही. ‘उतरवणे’ तसं नाही. डोक्यावरचा भारा उतरवतो, अंगातला सदरा उतरवतो, पुन्हा चढवायची सोय असते. इलाक्यातून बाहेर पडताच तुमच्या मुलाची लेव्हल परत येते, म्हणून ‘उतरवली’ हेच बरोबर. वर नेताना ‘चढवली’, ‘वाढवली’ नको. वाढवलेलं टिकतं, चढवलेलं उतरतं. पण त्याने रागात ‘पाडली’ म्हटलं असेल तर म्हणू द्या. व्याकरण रागाला लागू होत नाही.

न विचारलेली एक गोष्ट. तो ‘माया लेवल’ असं पुल्लिंगी म्हणतो आणि तुम्ही प्रश्नात ‘ती लेव्हल’ लिहिता. दोघेही बरोबर आहात. हिंदीत लेवल पुल्लिंगी आहे आणि आमच्या बाजूच्या मराठीला हिंदीचा शेजार आहे, तर पुण्याकडून आलेली लेव्हल स्त्रीलिंगी राहिली. पुतण्या गावात आला की तिसऱ्या दिवशी त्याची लेव्हल पुल्लिंगी होते. पासंग आणि कडता मात्र दोन्हीकडे पुल्लिंगीच.

तेव्हा वाक्यं अशी होतील : नवख्याला साठ लेव्हलचा पासंग आहे. खालच्या इलाक्यात वीस लेव्हलचा कडता कापला. आणि ज्या लढाईत सगळ्यांना सारखं करून मैदानात सोडतात ती पासंगी लढत. आहे त्या लेव्हलने उतरायचं असेल तर तिला कबड्डीवाल्यांचा ‘खुला गट’ आयताच आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, “मंग काका, काल एका नवख्यानं मले पासंगावर हरवलं, असं म्हनू का?” म्हटलं, बेधडक म्हण. फक्त ‘काटा मारला’ म्हणू नको, तो आरोप होतो.